टारगेट कुणाचं, मोजदाद कशाची?



‘टारगेट’ हा शब्द आपल्याला नवा नाही. मार्चअखेर आली की नर्सबाई, शिक्षिका ‘केसेस’ शोधत दारोदार फिरत. बाईच्या प्रकृतीपेक्षा तक्ता भरणं मोठं ठरे. आपल्या संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत राहिल्या. अखेर एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाची ही उद्दिष्टं देशभर मागे घेतली, निदान कागदावर. त्यामुळे वनसंशोधनाच्या उद्दिष्टांबद्दल लिहिताना आम्ही जरा सावध आहोत.

डेहराडूनची भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद १९९१ पासून स्वायत्त आहे. महाराष्ट्रातली जंगलं तिच्या जबलपूरच्या संस्थेच्या कक्षेत येतात. सरकारकडून वर्षाला पाच कोटींहून अधिक अनुदान घेणाऱ्या स्वायत्त संस्थेने खात्याशी करार करून कामाची उद्दिष्टं लिहून द्यावीत, असा २०१७ च्या वित्तीय नियमांचा दंडक आहे. त्यात गैर काही नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब द्यायलाच हवा.

प्रश्न आहे काय मोजायचं हा. शोधनिबंध किती, प्रशिक्षणं किती, नवे वाण किती, हे मोजायला सोपं. निलगिरी आणि सुरूचे भराभर वाढणारे वाण परिषदेच्या संस्थांनी दिले. पण ते लावायला जमीन लागते, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत असतं ते तुम्हाला सांगायला नको.

मोहाचं बघा. फुलं पहाटे गळतात. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून झाडाखाली आग लावून जागा साफ करतात. त्यात मोहाची कोवळी रोपं जळतात, म्हातारी झाडं तेवढी उरतात. कधी आग पसरते आणि दोष बाईच्या माथी येतो. झाडाखाली जाळी बांधली तर फूल स्वच्छ मिळतं, आग लावावी लागत नाही. मात्र जाळीचा खर्च कोणी करायचा, झाड कोणाच्या वाट्याचं, स्वच्छ फुलाला व्यापारी जास्त भाव देतो का, हेही संशोधनाचेच प्रश्न आहेत. ‘प्रशिक्षण घेतले, इतक्या महिला उपस्थित’ एवढ्यावर रकाना भरता येतो. तीन वर्षांनी जाळी वापरात आहे की घरात कोंबड्या झाकायला गेली, हे विचारणारा रकाना हवा. झाडाखाली नवी रोपं किती टिकली, याचाही हवा. अर्थात वर्षाच्या तक्त्यात झाडाचं आयुष्य मावत नाही, ही संशोधकांचीही अडचण आहे. तीही करारात लिहिली जावी.

२००६ च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपजावरचा मालकी हक्क वनात राहणाऱ्यांना दिला आहे. मग त्याच वनोपजावरच्या संशोधनाची उद्दिष्टं ग्रामसभेतल्या बायांना न विचारता का ठरावीत?

हे करार माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. मोहाच्या पट्ट्यातल्या गटांनी पुढच्या हंगामाआधी अर्ज करावेत आणि आलेली उत्तरं आमच्याकडे पाठवावीत. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पानं राखून ठेवत आहोत.