शुद्ध हरपलेल्या माणसाचा पालक कोण?

गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाची अम्मी फी-माफीचा अर्ज घेऊन आली. घर चांगले, शौहर कमावते. मग अर्ज कशाला? विचारल्यावर कळले, की मेंदूत रक्तस्राव होऊन शौहर चार महिने बेशुद्ध आहेत. मुंबईच्या इस्पितळातून रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरी आणले आहे. बँकेत पैसे आहेत, पण खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर. बँक कोर्टाचा हुकूम मागते. दीर म्हणाले, "भाभी, भाईजानचा अंगठा उठवून घेऊ." तिने ते केले नाही. "सर, जो माणूस हो-नाही म्हणू शकत नाही, त्याचा अंगठा मी कसा लावू?" असे तिने आम्हाला विचारले.

आम्ही तिच्यासोबत वकिलांकडे गेलो. तिथे जे कळले ते प्रत्येक घराला ठाऊक असावे.

शौहर बेशुद्ध पडले म्हणून बीवी आपोआप त्यांची कायदेशीर पालक होत नाही. नॉमिनीचा प्रश्न येतो तो मृत्यूनंतर. आधी करून ठेवलेले साधे मुखत्यारपत्रही माणसाची समज गेली की करार कायद्याप्रमाणे संपते.

मग दाद कुठे मागायची? पालक नेमण्याचा 1890 चा कायदा फक्त अल्पवयीनांसाठी आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान मुलासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातला प्रतिनिधी उपचारापुरता असतो. पैशांचे व्यवहार त्याच्या हाती नसतात. कोमातल्या माणसासाठी वेगळा कायदाच नाही. म्हणून असे अर्ज उच्च न्यायालयात जातात. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पालक नेमलेले आहेत.

दीर मुंबईत राहतात, म्हणून त्यांना अर्ज मुंबईत हवा होता. पण अर्ज करणाऱ्याची सोय हा निकष नव्हे. रुग्णाचे घर, खाते, जमीन सारे रत्नागिरी जिल्ह्यात. आणि 18 ऑगस्ट 2025 पासून त्या जिल्ह्याची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. वकिलांनी अर्ज तिथेच करायला सांगितले. चुकीच्या जागी केलेला अर्ज परत येतो, आणि तोवर औषधांचा खर्च थांबत नाही.

कोर्ट नुसत्या शब्दावर पालक नेमत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये यासाठी नियम घालून दिले: डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी, तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्याची घरी भेट, मालमत्तेची पूर्ण यादी आणि नेमणुकीनंतर दर सहा महिन्यांनी हिशोब. गैरवापर दिसला तर पालक बदलता येतो. दीर हे ऐकून म्हणाले, "एवढी चौकशी?" आम्हाला मात्र ती योग्य वाटली. पालक हा मालक नाही; त्याच्या हाती असते ती अमानत.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला तिथे मोफत वकील मिळू शकतो. आमच्या या बहिणीने तोच मार्ग धरला. कागद आता तयार होत आहेत.

आणि ज्यांच्या घरी सारे सुखरूप आहेत, त्यांनी या आठवड्यात एक काम करावे. घरखर्चाचे खाते मियाँ-बीवी दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील असे करून घ्यावे. शुद्धीत असताना त्याला एक सही पुरते.