युरोपातल्या कोणत्या 'एआय' परिषदेला जायचे?

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकाच परिषदेचे मांडव तीन शहरांत पडले होते. 'न्यूरिप्स' ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातली सर्वात मोठ्या परिषदांपैकी एक. तिची मुख्य बैठक अमेरिकेत सॅन दिएगोला झाली आणि दुसरी मेक्सिको सिटीला. त्याच आठवड्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे 'युरिप्स' नावाचा युरोपीय मेळावा भरला. तो न्यूरिप्सच्या संमतीनेच भरला होता आणि न्यूरिप्सने स्वीकारलेले शोधनिबंध तिथेही मांडता येत होते. अमेरिकेचा व्हिसा न मिळणारे, मिळाला तरी तिथे जायला कचरणारे आणि एवढ्या लांबच्या विमानप्रवासाचा कर्बभार नको असलेले, अशा सगळ्यांची त्यामुळे सोय झाली.

ही विभागणी हौसेखातर झालेली नाही. २०२५च्या न्यूरिप्सकडे २१ हजारांहून अधिक शोधनिबंध आले आणि त्यातले सुमारे ५,३०० स्वीकारले गेले. प्रत्येक निबंधामागे चार-पाच लेखक धरले तरी किती माणसांना त्या आठवड्यात एका गावी पोहोचायचे होते, याचा अंदाज येतो. २०१८ साली याच परिषदेची तिकिटे विक्रीला निघाल्यावर ११ मिनिटे ३८ सेकंदांत संपली होती. ती परिषद कॅनडातील मॉन्ट्रियलला होती आणि आफ्रिकेतील अनेक संशोधकांना निमंत्रण हातात असूनही व्हिसा नाकारला गेला होता. त्यावर बराच गदारोळ झाला. पुढे 'आयसीएलआर' ही दुसरी मोठी परिषद २०२३ साली रवांडातील किगालीला भरवली गेली, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. परिषद कोणत्या देशात भरते यावर तिथे कोण येऊ शकणार हे ठरते. विज्ञान सर्वांचे असले तरी पासपोर्ट सारखे नसतात.

या घडामोडींत युरोपचे वजन वाढले आहे. एकट्या व्हिएन्नाकडे पाहावे. मे २०२४मध्ये तिथे आयसीएलआर झाली आणि जुलैमध्ये 'आयसीएमएल'. पुढच्या वर्षी जुलैच्या अखेरीस भाषातंत्रज्ञानाची 'एसीएल' त्याच शहरात भरली. यंदा ऑगस्टमध्ये जर्मनीतील ब्रेमेनला आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय अशा दोन जुन्या परिषदा, 'आयजेसीएआय' आणि 'ईसीएआय', एकत्र होत आहेत. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या माल्मोला संगणकीय दृष्टीची 'ईसीसीव्ही' आणि इटलीच्या नेपल्सला यंत्र-शिक्षणाची 'ईसीएमएल-पीकेडीडी' आहे. याशिवाय व्यापारी मेळे, सरकारी शिखर बैठका आणि महाविद्यालयांच्या ई-मेलपेटीत रोज येऊन पडणारी 'सन्माननीय वक्ते' म्हणून निमंत्रणे आहेतच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक असो, मुंबईच्या रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ असो की नाशिकचा सॉफ्टवेअर उद्योजक, जायचे ठरवले तर विमान, हॉटेल, नोंदणी आणि व्हिसा मिळून खर्च लाखांत जातो. तेव्हा कुठे जायचे हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

त्यातही डॉक्टरांची एक गफलत हमखास होते, आणि ती समजण्यासारखी आहे. वैद्यकात परिषदेतल्या सादरीकरणाला दुय्यम स्थान असते. अडीचशे-तीनशे शब्दांचा गोषवारा पाठवायचा, पोस्टर लावायचे, चर्चा ऐकायची. खरा निबंध मागाहून नियतकालिकात येतो. संगणकशास्त्रात रीत उलटी आहे. तिथे परिषदेला पूर्ण निबंध पाठवावा लागतो. तीन-चार परीक्षक तो तपासतात, लेखकांना उत्तर देण्याची संधी मिळते आणि तीन-चतुर्थांश निबंध परत जातात. जो स्वीकारला जातो तो बहुतेकदा अंतिम प्रकाशन असतो. म्हणून 'ईसीसीव्हीत निबंध आहे' हे वाक्य त्या क्षेत्रात नामांकित नियतकालिकाइतके वजनदार असते. वैद्यकाच्या सवयीने महिनाभर आधी गोषवारा पाठवू म्हणणाऱ्याला कळते की अंतिम मुदत सहा महिन्यांपूर्वीच उलटून गेली. सप्टेंबरच्या परिषदांसाठी निबंध मार्चच्या सुमारास द्यावे लागतात. मुदत चुकलेल्यांसाठी मुख्य परिषदेला जोडून होणाऱ्या कार्यशाळा असतात. त्यांच्या तारखा उशिराच्या असतात, विषय नेमका असतो आणि खोलीत पन्नास-शंभर माणसे असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मुख्य सभागृहापेक्षा अशा खोलीतच जास्त ओळखी होतात, हे जाणती मंडळी सांगत असतात.

आरोग्याच्या अंगाने पाहिले तर निवड आणखी बारकाईने करावी लागते. 'मिकाई' ही वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकीय विश्लेषणाची परिषद दरवर्षी जगभर फिरते. २०१८ला ती स्पेनच्या ग्रॅनडात होती, २०२४ला मोरोक्कोच्या माराकेशमध्ये आणि २०२५ला दक्षिण कोरियाच्या देजॉनमध्ये. तिथे जाणारे प्रामुख्याने अभियंते. एमआरआयमधली गाठ यंत्राने कशी आखायची, एका रुग्णालयाच्या यंत्रावर शिकलेली प्रणाली दुसऱ्या रुग्णालयात का अडखळते, अशा प्रश्नांवर तिथे काम मांडले जाते. युरोपीय रेडिओलॉजी काँग्रेस दर वसंतात व्हिएन्नालाच भरते. तिथला प्रेक्षक डॉक्टर आहे, आणि एआयची साधने विकणाऱ्या कंपन्यांची दालने तिथे ओळीने असतात. साधन विकत घ्यायचे की नाही याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे त्यांना तिथे एकाच दिवसात दहा विक्रेत्यांना तेच प्रश्न विचारता येतात. तुमची प्रणाली कोणत्या देशातल्या रुग्णांवर तपासली? क्षयाच्या जुन्या व्रणांना ती काय समजते? भारतातल्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत असे व्रण सर्रास दिसतात, म्हणून हा दुसरा प्रश्न भारतातून गेलेल्यानेच विचारायला हवा. तिसरी परिषद आकाराने लहान पण जुनी आहे, ती म्हणजे वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेला वाहिलेली 'एआयएमई'. १९८५ साली इटलीतील पाविया येथे ती सुरू झाली आणि चाळीस वर्षांनी, २०२५मध्ये, पुन्हा पावियातच भरली. निदानाचे नियम संगणकाला हाताने शिकवण्याच्या काळापासून आजच्या भाषाप्रारूपांपर्यंतचा प्रवास पाहिलेली माणसे तिथे भेटतात. जाहिरातबाजी मात्र फारशी नसते.

आरोग्यधोरणात रस असेल तर जिनिव्हाचा 'एआय फॉर गुड' मेळावा आहे. संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना तो २०१७पासून भरवते. आरोग्यातील एआयचे मूल्यमापन कसे करावे यावर या संघटनेने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर २०१८मध्ये एक अभ्यासगट स्थापन केला होता. लिस्बनची 'वेब समिट' आणि पॅरिसची 'व्हिवाटेक' या भांडवल आणि ग्राहक शोधणाऱ्यांच्या जागा. हातात विकायला काही नसताना तिथे जाणे म्हणजे गुरांच्या बाजारात दावे घेऊन हिंडण्यासारखे आहे. करमणूक होते, एवढेच.

आणि मग ते निमंत्रणाचे ई-मेल. 'आपल्या अमूल्य संशोधनाने आम्ही प्रभावित झालो आहोत' अशी सुरुवात, खाली पॅरिस, रोम किंवा बार्सिलोना, आणि विषयांच्या यादीत कृत्रिम बुद्धिमत्तेबरोबर दंतवैद्यक, मृदाशास्त्र आणि पर्यटनसुद्धा. एका हॉटेलातले दोन हॉल, एकाच दिवशी डझनभर 'आंतरराष्ट्रीय परिषदा', प्रत्येकीला पंधरा-वीस माणसे, हाती प्रमाणपत्र. या धंद्याची भारतीय बाजू विसरता येत नाही. हैदराबादस्थित ओमिक्स समूहाला २०१९मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ५ कोटी १ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. शोधनिबंध न तपासताच छापणे, शुल्क लपवणे यांबरोबरच नामवंत शास्त्रज्ञांची नावे त्यांच्या परवानगीविना परिषदांच्या जाहिरातीत वापरणे, हेही त्या खटल्यात होते. जगभरच्या विज्ञान अकादमींच्या संयुक्त मंचाने २०२२च्या अहवालात अशा लुटारू परिषदांचा प्रश्न नियतकालिकांच्या बरोबरीने मांडला. फसणारे सगळेच भोळे नसतात, हे येथे सांगायला हवे. बढतीसाठी 'परदेशी परिषदेत सादरीकरण' असा रकाना भरायचा असेल आणि तो तपासणारा परिषदेची प्रत विचारत नसेल, तर नकली परिषद दोन्ही पक्षांच्या सोयीची ठरते. खर्च मात्र संस्थेचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शुल्काचा किंवा करदात्याचा होतो.

खऱ्याखोट्याची पारख अवघड नाही, पण त्याला अर्धा तास द्यावा लागतो. मागच्या तीन वर्षांची निबंधसंग्रहे उघडून पाहावीत. चांगल्या एआय परिषदांचे निबंध जालावर फुकट वाचायला मिळतात. कार्यक्रम समितीवरची दोन नावे निवडून त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या परिषदेचा उल्लेख आहे का ते शोधावे. 'स्कोपसमध्ये नोंद' किंवा मोठ्या प्रकाशकाचे नाव एवढ्यावर भिस्त ठेवू नये, कारण सामान्य दर्जाच्या परिषदाही तीच पाटी लावतात. नावातल्या साम्यापासूनही सावध राहावे लागते. नामांकित परिषदेच्या नावात एखादा शब्द इकडचा तिकडे करून घेतलेली नावे बरीच आहेत. आणि निबंध पाठवल्यावर तीन दिवसांत 'स्वीकृत' असे उत्तर आले, तर आनंदाऐवजी शंका यावी.

परिषद खरी निघाली तरी व्हिसा उरतोच. २०२४मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि साधारण सातातला एक नाकारला गेला. शुल्क जून २०२४पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. इथेच वेळापत्रकाची अडचण आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या परिषदांचे निकाल उन्हाळ्यात लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत युरोपच्या सहलींना निघालेल्या कुटुंबांमुळे व्हिसा केंद्रांवरच्या वेळा भरलेल्या असतात. दोन देशांत जायचे असेल तर जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. ब्रेमेनहून परतताना पॅरिसला आठवडाभर राहण्याचा बेत असेल, तर कागदोपत्री ती फ्रान्सची सहल होऊ शकते आणि जर्मनीचा अर्ज अडतो. लंडन किंवा एडिंबरा जोडायचे तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. एक सवलत मात्र अनेकांच्या लक्षात आलेली नाही. एप्रिल २०२४पासून, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानुसार वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. सातत्याने जाणाऱ्या संशोधकाला पहिल्या दोन खेपा लहान आणि खात्रीच्या परिषदांना करण्यामागे हेही एक कारण असू शकते.

पैशाची बाजू थोडी सावरता येते. विद्यार्थ्यांना नोंदणीत सवलत असते आणि मोठ्या परिषदा स्वयंसेवकांना शुल्क माफ करतात. निबंध स्वीकारला गेला असेल तर केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे किंवा संगणकशास्त्रासाठी एसीएम इंडियाकडे प्रवासखर्चाचा अर्ज करता येतो. हे सगळे निबंध असणाऱ्यांसाठी आहे. केवळ ऐकायला जाणाऱ्याला खिशातूनच द्यावे लागते, आणि ऐकण्यासारखे बरेचसे ध्वनिचित्रफितींच्या रूपात घरबसल्या मिळते. मिळत नाही ते इतकेच: पोस्टरसमोर उभे राहून लेखकाला 'हे आमच्या जिल्हा रुग्णालयात का चालणार नाही?' असे विचारणे, आणि त्याने पुढचा अर्धा तास दिलेले उत्तर. ते हवे असेल तर जाण्यात अर्थ आहे. त्यासाठी निघण्यापूर्वी त्या परिषदेतले दहा निबंध वाचून पाच लेखकांना भेटीची वेळ मागणारे पत्र लिहायला हवे. एवढी तयारी करायला उसंत नसेल, तर त्या वर्षी तिकीट काढू नये हे बरे.

शिवाय आता प्रत्येक वेळी युरोपच गाठावे लागते असेही नाही. एप्रिल २०२५मध्ये ध्वनी आणि संकेतप्रक्रियेची 'आयसीएएसएसपी' हैदराबादला झाली. गेल्या डिसेंबरमध्ये कोपनहेगनचा मांडव उतरल्यावर दोनच आठवड्यांनी 'एसीएल'ची आशियाई परिषद मुंबईत, पवईच्या आयआयटीत भरली. तिथे जायला व्हिसा लागला नाही. सोलापूर, नांदेड, कोल्हापूरच्या महाविद्यालयांतून किती प्राध्यापकांनी आपले विद्यार्थी तिथे पाठवले, हे त्या महाविद्यालयांनी परदेशवारीच्या पुढच्या अर्जावर सही करण्यापूर्वी आपापल्या नोंदवहीत पाहायला हरकत नाही.