ज्याच्यावर हसलो, तो बोलला का?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या विनोदी मालिकांची सारी गल्ली आठवडाभर वाट पाहत असे, त्या आता मोबाइलवर हव्या तेव्हा उघडता येतात, आणि परभणीतल्या कितीतरी घरांतून आजी-आजोबा नातवंडांना शेजारी बसवून त्या दाखवू लागले आहेत, ही गोष्ट आनंदाचीच मानली पाहिजे. परंतु या सहदर्शनात एक प्रसंग हटकून उद्भवतो. पडद्यावर ऐकू कमी येणारी मुलगी भलतेच उत्तर देते, कोणी पोक्त गृहस्थ शेजारणीकडे टक लावून पाहतो, कोणी गडी आपल्या गावाकडच्या बोलीत दोन शब्द उच्चारतो, ध्वनिमुद्रित हास्याचा कल्लोळ उठतो, आजोबा जुन्या सवयीने हसतात आणि नातवंड विचारते, यात हसण्यासारखे काय आहे? या प्रश्नावर दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, तो काळ निराळा होता, तेव्हाच्या हसण्याची झडती आज घेऊ नये. दुसरा म्हणतो, असल्या मालिका दफ्तरातून खारीज कराव्यात. मला हे दोन्ही फैसले घाईचे वाटतात. प्रत्येक मालिकेची, किंबहुना प्रत्येक प्रसंगाची, स्वतंत्र फेरतपासणी झाली पाहिजे, आणि त्या तपासणीची कसोटी माझ्या मते एकच आहे: ज्याच्यावर आपण हसलो, त्याला त्या कथेत आपले म्हणणे मांडण्याची पाळी मिळाली का?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील चिमणरावांची मालिका त्यावरून दाखविली गेली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, ही जोडी पाहणाऱ्यांच्या मनात कायमची ठसली. मुंबईचे प्रक्षेपण त्या काळी आमच्या मराठवाड्यापर्यंत पोहोचत नव्हते, त्यामुळे आमच्याकडे चिमणराव आले ते प्रथम वाचनालयातील पुस्तकांतून, आणि पुस्तकातच त्या विनोदाचे इंगित अधिक स्पष्ट दिसते. चिमणराव भित्रे आहेत, फजित पावणारे आहेत, पण त्या फजितीची सारी हकिकत ते स्वतःच सांगतात. हसू ज्याच्यावर येते, त्याच्याच हाती लेखणी आहे. पुढे १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली 'वागळे की दुनिया' आली, तेव्हा अंजन श्रीवास्तव यांनी रंगविलेला तो सामान्य कारकून महागाई, दिरंगाई आणि वशिलेबाजी यांच्यापुढे हतबल होत असे; आपण त्याच्याबरोबर हसत होतो, आणि हसू जाऊन पडत होते त्याला नाडणाऱ्या व्यवस्थेवर. या दोन्ही कृती आज पाहताना मन कोठे अडखळले, तर ते तपशिलात अडखळते. मूळ भूमिका शुद्ध असल्याने कृती टिकून राहतात.

खरी पेचाची मालिका म्हणजे १९९५ साली झी वाहिनीवर सुरू झालेली 'हम पांच'. पाच मुलींचा बाप असलेले आनंद माथुर हे अशोक सराफ यांनी उभे केले होते, आणि त्यांच्या दिवंगत प्रथम पत्नीच्या भूमिकेत प्रिया तेंडुलकर भिंतीवरच्या तसबिरीतून बोलत असत. या मालिकेचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांच्या आधी, १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि त्याचा अंमल १ जानेवारी १९९६ पासून सुरू झाला. म्हणजे मुलगी नको म्हणून गर्भातच तिचा निकाल लावणाऱ्या समाजात, नेमक्या त्याच संधिकाळात, पाच मुलींच्या बापाची त्रेधा हा विनोदाचा विषय झाला होता. विषय केवढा नाजूक होता, हे आम्हा या भागातील लोकांना निराळे सांगावयास नको. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. असे असूनही तो विनोद आज पाहताना मला क्लेश होत नाहीत, कारण त्या पाचही मुली घरभर वावरतात, वाद घालतात, बापाला निरुत्तर करतात; एक स्त्रीहक्कांची बाजू मांडते, एक मुलग्यासारखी राहते आणि 'काजलभाई' म्हणवून घेते, आणि कथा त्यांना त्याबद्दल शिक्षा करीत नाही. बाप हताश होतो, पण घर मुलींचे आहे, हे प्रत्येक भागागणिक सिद्ध होते.

त्याच मालिकेत राधिका नावाची अभ्यासू मुलगी आहे. ही भूमिका काही काळ विद्या बालन यांनी केली होती. राधिकेला ऐकू कमी येते, आणि तिच्या वाट्याला आलेला पुष्कळसा विनोद एकाच साच्याचा आहे: समोरचा एक बोलतो, तिला दुसरेच ऐकू येते, ती भलते उत्तर देते, हशा पिकतो. ही मुलगी बुद्धिमान आहे, वाचते, विचार करते, एवढे लेखकाने मान्य केले होते. परंतु समोरच्याने तोंड वळवून बोलल्यावर तिला काय वाटते, हे सांगण्याची पाळी तिला क्वचितच मिळाली. एकाच छपराखाली, एकाच लेखणीने, एका नाजूक विषयाला न्याय मिळाला आणि दुसऱ्याचे केवळ भांडवल झाले. म्हणूनच मालिका सबंध स्वीकारावी किंवा सबंध नाकारावी, हा हट्ट मला अयोग्य वाटतो.

या हशाची किंमत कोण भरतो, हे मी जवळून पाहिले आहे. केबलच्या त्या दिवसांत आमच्या वस्तीत एक शाळकरी मुलगी होती. छातीशी खिशात ठेवायची पेटी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर, असे त्या काळचे श्रवणयंत्र तिला शिबिरातून मिळाले होते. मालिका लोकप्रिय झाली तशी पोरे तिला राधिका म्हणून हाका मारू लागली. पाठीमागून मुद्दाम हलक्या आवाजात काहीतरी बोलावे, तिने वळून 'काय म्हणालास?' असे विचारावे आणि सर्वांनी हसावे, हा खेळच होऊन बसला. थोड्याच दिवसांत ती शाळेला निघताना पेटी घरी ठेवून जाऊ लागली. ऐकू न आलेले शिक्षकांचे शब्द तिने सोसले, पण ती वायर दिसू देणे तिला सोसवेना. मालिका लिहिणाऱ्यांच्या मनात असा कोणताही दुष्ट हेतू नव्हता, हे मी निःशंकपणे मान्य करतो. तथापि हेतू निर्मळ असला म्हणजे परिणामाची जबाबदारी संपते, असे नाही.

या विधानाला बाहेरच्या जगाचीही साक्ष आहे. अमेरिकेत १९७१ साली नॉर्मन लिअर यांनी 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका निर्माण केली, तिचा नायक आर्ची बंकर हा वर्णद्वेषाने भरलेला गृहस्थ होता, आणि त्याचे पूर्वग्रह हास्यास्पद ठरावेत हाच निर्मात्यांचा हेतू होता. परंतु १९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा ज्यांच्या मनात मुळातच द्वेष होता त्यांना आर्चीच बरोबर वाटतो, असे आढळून आले. उपहास ज्याला उद्देशून केला, त्यानेच तो आपला गौरव समजून घ्यावा, हा विनोदकारासमोरचा कायमचा धोका आहे.

बोलीचा प्रश्न आम्हा परभणीकरांच्या तर जिव्हारीचा. 'मपलं-तुपलं' म्हणणारा, 'काय करायलास' असे विचारणारा माणूस कथेत आला की तो गडी असणार, हवालदार असणार, किंवा शहरात येऊन फसणारा पाहुणा असणार, हा शिरस्ता मराठी नाटक-चित्रपटांत दीर्घकाळ चालत आला. हिंदीत १९९३ सालच्या 'जबान संभाल के' या मालिकेने तर, 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेच्या धर्तीवर, हिंदी शिकणाऱ्यांचा एक वर्गच मांडला. त्यात नाना प्रांतांचे लोक आपापल्या उच्चारांसह हास्याचे धनी झाले, आणि विजू खोटे यांनी रंगविलेला विठ्ठल बापूराव पोटे हा आपला मराठी माणूसही त्यात होता. शिक्षकाची भूमिका करणाऱ्या पंकज कपूर यांचे कसब वादातीत आहे, पण त्या वर्गातील प्रत्येकाची ओळख त्याच्या जिभेपाशी संपत असे. याच्या उलट बाजूस आपल्याच प्रांतातील प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ठेवून पाहावे. एका माणसाने बावन्न पात्रे उभी केली, मराठवाड्याची बोली पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर खेळविली, आणि प्रेक्षक पोट धरधरून हसले. पण बोलणारे हसण्याचे लक्ष्य राहिले नाहीत, ते कथेचे मालक झाले. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण' नाटकाने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणीसाठी हेच कार्य केले, आणि पुढे मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची ग्रामीण बोली चित्रपटात थेट नायकाच्या मुखी दिली. शब्द तेच होते, फक्त त्यांना प्रतिष्ठा मिळाली.

स्त्री-पुरुष भेदावरील विनोदाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९९४ च्या सुमारास आलेल्या 'श्रीमान श्रीमती' मालिकेत दोन शेजारी एकमेकांच्या पत्नीवर लुब्ध असतात, हेच सूत्र दीर्घकाळ चालले. पत्नी नटी असून घर सांभाळणारा दिलरुबा हा नवरा केवळ स्वयंपाकघरात रमतो म्हणून हास्याला पात्र ठरला. रीमा लागू यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री त्या मालिकेत होती, तरी रोज कोणीतरी टक लावून पाहत असताना घरात वावरणे कसे असते, हा प्रश्न लेखनाने तिच्या हाती दिला नाही. पुरुषाने स्त्रीवेष घेण्याविषयीही असेच तारतम्य ठेवावे लागेल. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू पाहिली, त्याला पुरुषाने लुगडे नेसणे हेच मुळात अश्लाघ्य वाटण्याचे कारण नाही. बालगंधर्वांनी स्त्रीच्या मनाचा शोध घेतला. पुढील काळातील दूरचित्रवाणीच्या प्रहसनांनी त्या वेषाचे टाळी, कंबर आणि घोगरा आवाज एवढेच ठेवले, आणि त्या टाळीने रस्त्यावर पोट भरणारी माणसे या देशाची नागरिक आहेत, याचे स्मरण ठेवले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. त्यानंतरही ती टाळी प्रहसनांतून गेली नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

मग या जुन्या ठेव्याचे करायचे काय? २०२० साली ब्रिटनमध्ये 'फॉल्टी टॉवर्स' या मालिकेचा १९७५ सालचा एक भाग त्यातील वर्णवाचक शब्दांमुळे मागे घेण्यात आला आणि थोड्याच दिवसांत सूचनापत्रासह पुन्हा उपलब्ध झाला. मालिकेचे लेखक-अभिनेते जॉन क्लीज यांचे म्हणणे असे होते की, ते शब्द उच्चारणाऱ्या मेजर या पात्राचीच त्यात थट्टा केली आहे. मला सूचनेसह पुनःप्रदर्शन हा मार्ग रास्त वाटतो, कारण जुने पुसून टाकल्याने समाज कोठून कोठे आला याचा पुरावाच नष्ट होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ८ जुलै २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाच्या निवाड्यात, अपंगत्वाविषयी समज वाढविणारा विनोद आणि अपंगाची मानहानी करणारा विनोद यांत स्पष्ट भेद केला; प्रश्न 'आँख मिचोली' या चित्रपटाचा होता, कात्री लावण्याचा हुकूम न्यायालयाने दिला नाही, पण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना त्या निर्मितीत सहभागी करून घ्यावे, हे तत्त्व मात्र ठामपणे घालून दिले.

जुन्या लेखकांना हे मार्गदर्शन उपलब्ध नव्हते, म्हणून त्यांच्याशी आपण उदारतेने वागावे. नव्या लेखकांना ही सवलत मागता येणार नाही. आणि नवे लेखक म्हणजे केवळ मुंबईच्या वाहिन्यांचे लेखक नव्हेत. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी येथील शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि गणेशोत्सवातील मंडळांच्या मंचावर जी प्रहसने होतात, त्यांतील तोतरा विद्यार्थी, बहिरा म्हातारा, लुगडे नेसलेला पोरगा ही पात्रे जुन्या मालिकांतून आणि त्यांच्या वारसदार कार्यक्रमांतून जशीच्या तशी उचललेली असतात, आणि समोर बसलेल्या शेकडो मुलांत कोणीतरी तोतरे असते, कोणाच्या तरी कानात यंत्र असते. याच जिल्ह्याच्या मंचांवरून संकर्षण कऱ्हाडे यांच्यासारखे लेखक-अभिनेते घडतात, तेव्हा या मंचांना क्षुल्लक मानण्याची चूक कोणी करू नये. माझी शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना आग्रहाची विनंती आहे की, यंदाच्या तालमीला बसण्यापूर्वी संहिता हाती घेऊन एवढेच तपासावे: ज्याच्यावर हशा येणार आहे, त्याच्या तोंडी एक तरी असे वाक्य आहे का, ज्याने सभागृह त्याच्या बाजूला येईल? नसेल तर ते लिहावे, आणि लिहिताना त्या अवस्थेत जगणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून घ्यावे. त्याने विनोद कमी होणार नाही. उलट आजवर ज्यांना आपण केवळ हसण्याचे निमित्त केले, ते आपल्याला काय सांगू पाहत होते, हे पहिल्यांदाच ऐकू येईल.