कॉम्प्युटर घेण्याआधी अल्बमचे पान मोजा

सुट्टीत साताऱ्याहून सांगलीला गेलो की जुन्या विद्यार्थ्यांकडे जाणे होतेच. या खेपेला एका मुलीच्या अम्मींनी चहाआधीच आम्हाला कॉम्प्युटरपुढे बसवले. "सर, भिशीचे सगळे पैसे यात घातले. आणि हा तर जागचा हलत नाही!"

मुलगी लग्नाचे अल्बम बनवते. मेंदी-हळदीतले बायकांचे फोटो परक्या दुकानात द्यायला बरीच घरे तयार नसतात. ती कामे तिच्याकडे येतात. हलाल कमाई, तीही घरबसल्या. पण दोन लग्नांचे अल्बम अडकले होते, आणि एका नवरीच्या सासरहून रोज फोन येत होता.

आम्ही पाहिले. डब्यात रंगीत दिवे, गेमसाठीचे मोठे ग्राफिक्स कार्ड. रॅम मात्र ४ जीबी आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क. दुकानदाराने डोळ्यांत भरेल ते दिले होते. कामाचे काय, हे विचारलेच नव्हते.

मग वहीवर हिशेब मांडला. अल्बमचे उघडे पान १२ बाय ३६ इंच. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख ठिपके. प्रत्येकाला लाल, हिरव्या, निळ्या रंगाचा एकेक बाइट धरला, तर कोरे पानच सुमारे ११७ एमबी. त्यावर फोटो, फुले, नावे यांचे थर चढतात. हे सगळे रॅममध्ये मावले नाही की कॉम्प्युटर उरलेले डिस्कवर ठेवतो. ती डिस्क संथ असेल, तर माणूस नुसता पडद्याकडे बघत बसतो.

फोटोशॉप बनवणारी अॅडोबी कंपनीच किमान ८ जीबी रॅम सांगते आणि १६ जीबीची शिफारस करते. म्हणून पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवावा: आधी १६ जीबी रॅम, मग एसएसडी, मग रंग खरे दाखवणारा आयपीएस मॉनिटर. अल्बमच्या कामाला भारी ग्राफिक्स कार्ड सर्वांत शेवटी. सॉफ्टवेअर विकत घेणे जमत नसेल, तर चोरीची प्रत नको. जिम्प मोफत मिळते, उजळ माथ्याने वापरता येते.

तिच्या प्रोसेसरमध्ये पडद्यापुरते ग्राफिक्स होतेच. तेव्हा ते कार्ड विकले आणि त्याच पैशांत ८ जीबीच्या दोन रॅम आणि एसएसडी बसवली. आठवड्याने फोन आला, "सर, पहिला अल्बम छपाईला गेला."

आमचे सांगणे एवढेच. पैसे मोजण्याआधी आपले सर्वांत जड पान पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि तिथेच उघडून पाहा. आणि प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. कॉम्प्युटर पुन्हा घेता येतो, निकाहचा दिवस पुन्हा येत नाही.