पाचटाचा धूर आणि छिद्रांचा दगड

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की होस्टेलच्या गच्चीवर पांढरे कपडे वाळत घालायचे नाहीत, हा नियम गारगोटीत पहिल्याच वर्षी कळतो. सीनियर्स सांगत नाहीत, ड्रेसच सांगतो! ऊस कारखान्याला गेला की फडात राहिलेले पाचट पेटवतात आणि त्याची काळी काजळी वाऱ्याबरोबर थेट आपल्या दोरीवर येते. व्हायवाच्या आदल्या दिवशी माझा एकुलता एक पांढरा ड्रेस असाच गेला. चिडून मनात आले, की इतके छान पेटते म्हणजे हे इंधनच आहे की! मग ते शेतात का जाळायचे, गाडीत का नाही?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना मी पोचले एका दगडापाशी. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'गारगोटी' हे माझ्या लेखी फक्त एस.टी.च्या पाटीवरचे नाव होते. आजीने हसून सांगितले, "अगं, गारगोटी म्हणजे चकमकीचा दगड. त्यावर पोलाद घासून ठिणगी पाडायचे." पुढे कळले की नाशिकजवळ सिन्नरला याच नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे आणि तिथले मोठे आकर्षण म्हणजे झिओलाइट. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारस थंड होऊन बनला. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. नाशिक, जळगाव, पुणे भागातल्या खाणींतले हे स्फटिक जगभरचे संग्राहक घेऊन जातात. आणि आपण? आपण त्याच दगडाची खडी करून रस्त्यावर टाकतो.

झिओलाइट म्हणजे रेणूंची चाळण. त्याची छिद्रे इतकी बारीक आणि एकसारखी असतात की ठरावीक मापाचाच रेणू आत जाऊ शकतो. चांगल्या झिओलाइटच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग धरला, तर तो चारशे चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे चिमूटभर पावडरीत कबड्डीची तीन मैदाने!

ही चाळण आपल्या आसपास कामालाही लागलेली आहे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल साधारण ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध होते, पुढे कितीही उकळले तरी पाणी सुटत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ते ९९.५ टक्के लागते. तिथे कृत्रिम झिओलाइटचे मणी वापरतात. त्यांची छिद्रे तीन अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा जाडा असल्यामुळे बाहेरच राहतो. इतके सोपे!

पण ही झाली चाळणी. खरी गंमत उत्प्रेरकाची, म्हणजे आपल्या कॅटॅलिस्टची. छिद्रांच्या आत आम्लधर्मी जागा असतात, तिथे रेणू तुटतात आणि नव्याने जुळतात. छिद्राच्या मापापेक्षा मोठा रेणू तयार झाला तर तो बाहेरच पडू शकत नाही, म्हणून हवा तोच माल मिळतो. न्यूझीलंडमध्ये १९८५ साली झेडएसएम-५ नावाच्या झिओलाइटवर मेथेनॉलपासून पेट्रोल बनवणारा कारखाना सुरू झाला होता. तिथले मेथेनॉल नैसर्गिक वायूचे होते. पण पाचटाचा वायू करून त्यापासूनही मेथेनॉल बनवता येते, उत्प्रेरकाला त्याने फरक पडत नाही. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने देशी मळीपासून केलेले इंधन मिसळले होते. प्रमाण अगदी थोडे होते, पण विमान उडाले!

मग अडले कुठे? आज आपले इथेनॉल मुख्यतः मळी, उसाचा रस आणि धान्य यांपासून होते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ते उठवले. म्हणजे पाऊस रुसला की इंधन बंद. माझे स्पष्ट मत आहे, की खाण्याच्या गोडावर गाडी फार दिवस चालणार नाही. ती पाचटावर चालली पाहिजे. अर्थात सगळे पाचट उचलू नये, जमिनीवर त्याचा पहिला हक्क. सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर ओल टिकते आणि खतही होते. पण जे नुसते जाळले जाते ते तरी वाचवू या.

पाचट हवेशिवाय तापवले की काळे तेल निघते. त्यात ऑक्सिजन फार, शिवाय ते आंबट आणि गंज आणणारे. झिओलाइट त्यातला ऑक्सिजन काढतो खरा, पण पाचटातल्या लिग्निनचे मोठे रेणू छिद्रात मावत नाहीत आणि काजळी बसून छिद्रे बुजतात. माझ्या ड्रेसचे जे झाले तेच! मोठ्या वाटा आणि बारीक छिद्रे एकत्र असलेले पदार्थ बनवणे, बसलेली काजळी जाळून उत्प्रेरक पुन्हा ताजा करणे, हे काम जगभर चालू आहे. आणि हे काम इंजिनिअरचे आहे.

"हे आपल्याला कुठे झेपणार?" असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एन.सी.एल.मध्ये, डॉ. पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी 'एन्सिलाइट' नावाचे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले आणि ते १९८० च्या दशकात भारतीय कारखान्यांत वापरले गेले. नावातच एन.सी.एल. आहे!

आपण मात्र कॅटॅलिस्ट म्हणजे बारावीची दोन मार्कांची व्याख्या समजतो आणि फायनल इयरला प्रोजेक्ट बाजारातून आणतो (खोटे असेल तर हात वर करा). सर-मॅडमना विनंती, की यंदा दोन प्रोजेक्ट करू द्या. एक, डिस्टिलरीतले टाकाऊ मणी आणून ते भट्टीत तापवून, वजन करून किती पाणी शोषतात ते मोजायचे. दोन, बॉयलरमधल्या बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, तिच्यापासून झिओलाइट बनवून पाहायचा. पहिल्यासाठी भट्टी आणि वजनकाटा पुरतो. दुसरा फसेलही. पण फसलेला स्वतःचा प्रोजेक्ट विकतच्या बाइंडिंगपेक्षा बरा.

आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी ऊस आहे. काडी लावण्याआधी एकदा घरी बोलून तरी बघा. तोवर माझे कपडे खोलीतच वाळतील!