पास्ता मोकळा राहावा म्हणून

शिजवलेल्या पास्त्याचा गोळा होऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न वैद्यकीय सदरात आलेला पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अनेक घरांत मुलांच्या डब्यात शेवयांच्या उपम्याची जागा आता पास्त्याने घेतली आहे, आणि तो सुटा राहावा म्हणून योजले जाणारे काही उपाय प्रकृतीच्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहेत. कोणी आधणातच तेलाची धार सोडतात, कोणी निथळल्यावर वरून दोन पळ्या तेल ओततात. काही घरांत तर तो आदल्या रात्री शिजवून, वाऱ्यावर सुटा व्हावा म्हणून, परातीत पसरून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवला जातो. मला चिंता वाटते ती या शेवटच्या उपायाची.

प्रथम चिकटण्याचे कारण पाहू. चांगला पास्ता डुरम या कठीण जातीच्या गव्हाच्या रव्यापासून करतात. आपल्याकडचा बन्सी गहू हा त्याच जातीचा. इटलीत तर सुका पास्ता डुरमच्याच रव्याचा असावा, असा १९६७ सालापासून कायदा आहे. या गव्हातील प्रथिनांचे जाळे घट्ट असते व स्टार्चचे कण त्यात अडकून राहतात. पास्ता उकळत्या पाण्यात पडताच पृष्ठभागावरचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ होते. पहिली दोन मिनिटे तुकडे एकमेकांना टेकून राहिले, तर ही खळ त्यांना डिंकाप्रमाणे सांधते. मैद्याच्या स्वस्त पास्त्यात हे जाळे दुबळे असल्याने खळ अधिक सुटते. तेव्हा पाकिटावर ‘डुरम व्हीट सेमोलिना’ हे शब्द आहेत का, ते खरेदी करतानाच पाहावे.

उपाय यातूनच निघतो. शंभर ग्रॅम पास्त्याला साधारण एक लिटर पाणी घ्यावे, त्याला खळखळून आधण येऊ द्यावे, आणि पास्ता सोडल्यावर पहिली दोन मिनिटे तळापासून ढवळत राहावे. पाण्यात तेल घालून काही साधत नाही; ते वर तरंगते आणि बहुतांशी पाण्याबरोबर मोरीत जाते. मीठ चवीपुरते असते, चिकटणे थांबवण्याशी त्याचा संबंध नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते निःशंकपणे कमी करावे. पाकिटावरील वेळेच्या एक मिनिट आधी पास्ता चाळणीत वेळून घ्यावा आणि लगेच तयार, गरम सॉसमध्ये किंवा भाज्यांच्या रश्श्यात घालावा. वेळलेले पाणी वाटीभर राखून ठेवावे. मिश्रण आळले तर तेच थोडे घालून सैल करता येते. चाळणीत तसाच निवत ठेवलेला पास्ता हमखास चिकटतो. सॉसला अवकाश असेल तर चार जणांच्या पास्त्याला एक चहाचा चमचा तेल चोळणे पुरे. दोन पळ्या तेलाने पास्ता मोकळा होतो खरा, पण प्रत्येक मोठ्या चमच्यामागे सुमारे १२० कॅलरी ताटात येतात. थंड पाण्याने धुणे केवळ सॅलडसाठी योग्य. एरवी त्याने सॉस धरून ठेवणारी खळही निघून जाते.

मधुमेही वाचकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. दाताखाली किंचित कणी लागेल इतपत शिजवलेल्या पास्त्यात प्रथिनांचे जाळे शाबूत असते, म्हणून त्यातील स्टार्चचे पचन सावकाश होते व जेवणानंतरची साखर पांढऱ्या पावाच्या मानाने हळू चढते. फार शिजवून लगदा केला की हा लाभ घटतो. अर्थात वाटीचे माप सुटले तर कणीचा काय उपयोग! ग्लूटेन वर्ज्य असलेल्यांचा तांदळाचा किंवा मक्याचा पास्ता अधिक चिकटतो, कारण त्यात हे जाळेच नसते. तो शिजताना अधिक लक्ष द्यावे आणि वेळल्यावर धुतला तरी चालेल.

आता परातीतल्या पास्त्याकडे वळू. बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू धान्यात असतात आणि ते उकळण्यातूनही वाचतात. शिजलेला भात किंवा पास्ता उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ते रुजतात, आणि या जिवाणूच्या काही जाती एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. वासावरून वा चवीवरूनही ते ओळखता येत नाही. बेल्जियममध्ये २००३ साली एका कुटुंबातील पाच मुले पास्त्याचे सॅलड खाऊन आजारी पडली आणि त्यांतील सात वर्षांची मुलगी यकृत निकामी होऊन दगावली. सॅलड काही दिवस फ्रिजमध्ये होते, पण त्या फ्रिजचे तापमान १४ अंश निघाले. अशी घटना विरळा, हे खरे. बहुतेक रुग्णांना खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात व दिवसभरात बरे वाटते. जलसंजीवनी घोट घोट देत राहावी. मात्र उलट्या थांबत नसतील, मूल गुंगीत जात असेल, लघवी कमी झाली असेल किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

म्हणून डब्याचा पास्ता सकाळीच करावा आणि वाफाळता असतानाच, उष्णता टिकवणाऱ्या डब्यात भरावा. सकाळी सवड नसेल, तर रात्रीचा पास्ता चमचाभर तेल लावून उथळ डब्यात पसरावा, वाफ गेली की दोन तासांच्या आत, आणि भर उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिजचे तापमान ५ अंशांखाली हवे. साध्या थर्मामीटरने ते पाहता येते. दार सतत उघडझाप होणारा, खच्चून भरलेला फ्रिज तेवढा थंड असेलच असे नाही. सकाळी तो पास्ता घट्ट बसलेला दिसेल, पण त्याला तेल लागत नाही. कढईत दोन चमचे उकळते पाणी शिंपडून झाकण ठेवावे, वाफ येताच उलथन्याने हलकेच सुटा करावा आणि पुरता गरम झाला की भरावा. डब्यातून उरून परत आलेला मात्र टाकून द्यावा.