मॉनिटर चालू करून दाखवा

अकोल्यात किंवा अमरावतीत गेम खेळण्यासाठी चांगला मॉनिटर घ्यायचा म्हटलं, की तो बहुधा न पाहताच घ्यावा लागतो. दुकानात सीलबंद खोकी रचलेली असतात. चालू असलेला एकच मॉनिटर दुकानदाराच्या बिलाच्या टेबलावर असतो, तोही साधा ६० हर्ट्झचा. खोक्यावरचे आकडे वाचायचे आणि पैसे मोजायचे. साडी घेताना आपण ट्यूबलाइटखाली पाहून थांबत नाही, दारातल्या उजेडात नेऊन तिचा रंग बघतो. मग पोरगं पुढची कित्येक वर्षं रोज तासन् तास ज्या पडद्यासमोर बसणार, तो एकदा चालू करून दाखवा, एवढं म्हणायला आपण का कचरतो?

मी अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, मित्रांसोबत व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो. शिकवण्या घेऊन त्याने पैसे जमवले आणि मला फोन केला, "आत्या, २७ इंची फोर-के घेऊन टाकतो. सारे तोच घे म्हणून रायले." मी त्याला आधी ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे ते विचारलं. मधल्या दर्जाचं, काही वर्षं वापरलेलं. मग फोनवरच हिशेब केला. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. बरोबर चौपट. हे सगळे ठिपके प्रत्येक चित्रात नव्याने रंगवायचं काम कार्डाचं असतं. कार्ड दमलं की चित्रं कमी निघतात, खेळ अडखळतो, आणि महाग पडदा असूनही डोळ्यांना त्याचा फायदा मिळत नाही. त्याच्या कार्डाला २४ इंची फुल एचडी योग्य होता. कार्ड थोडं दमदार असेल तर २५६० गुणिले १४४० चा, २७ इंची पडदा घ्यावा. फोर-केच्या नावाने घराघरांत जो हट्ट चालतो, त्यातला बराचसा या एका गुणाकाराने संपतो.

दुसरा आकडा हर्ट्झचा. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते हा आकडा सांगतो. ६० हर्ट्झवर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर जेमतेम ७ आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर जाताना जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. पुढे १४४ वरून २४० वर जाताना तिनापेक्षाही कमी. पहिल्या उडीसाठी पैसे खर्च करावेत असं माझं ठाम मत आहे. दुसरी उडी ज्याला स्पर्धेत उतरायचं आहे आणि ज्याचं कार्ड तेवढी चित्रं काढू शकतं, त्याच्यासाठी. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या यूपीएसवर घालावेत.

पण इथेच बघण्याचा प्रश्न येतो. १४४ आणि ६० मधला फरक मी वर्गात फळ्यावर कितीही समजावला तरी तो कळत नाही. दोन पडदे शेजारी ठेवा, वर्तमानपत्राचं एखादं पान दोन्हींवर भराभर खाली सरकवा. एकावर अक्षरं पुसट होतात, दुसऱ्यावर पुष्कळ वाचता येतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. खोक्यावर ठळक छापलेल्या १ मिलिसेकंदाचंही तसंच. काही कंपन्या हा आकडा ठिपक्याचा रंग बदलायला लागणाऱ्या वेळेचा देतात, तर काही पडद्यामागचा दिवा भराभर उघडझाप करून मिळवलेला देतात. दुसऱ्या प्रकारात पडद्याचा उजेड मंदावतो. हे खोकं सांगत नाही, पडदा सांगतो.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट परगावाहून शिफारस करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवण्याचं कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं असतं. अकोल्याचा मे महिना ४५ च्या पार जातो. वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत दुपारी तीन वाजता किती असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. त्यात शेजारी ग्राफिक्स कार्ड गरम वारा फेकतं. कूलर लावला तर ओल आणि धूळ थेट पडद्यामागच्या जाळीत जाते, म्हणून कूलरच्या झोतात मॉनिटर ठेवू नये. एकच चित्र फार वेळ राहिलं तर ओलेड पडद्यावर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो, आणि उष्णतेने त्याचं आयुष्यही घटतं. म्हणून स्लॅबखालच्या खोलीसाठी मी ओलेड सुचवणार नाही, पैसे असले तरी.

आपण दुपारी खिडक्या लावून, वाळ्याचे पडदे सोडून बसतो. अशा अंधाऱ्या खोलीत व्हीए जातीच्या पडद्याचा काळा रंग खरंच काळा दिसतो. आयपीएसचा काळा काहीसा राखाडी वाटतो, पण त्याचे रंग बाजूने पाहिले तरी टिकतात. व्हीएच्या स्वस्त पडद्यांत मात्र अंधारातली हालचाल शेपटी सोडत जाते, आणि नेमबाजीच्या खेळात अंधारात लपलेला गडीच तर शोधायचा असतो. भाच्याला मी आयपीएस घ्यायला सांगितलं. गोष्टीचे, सावकाश खेळायचे गेम आवडणाऱ्याने व्हीए घ्यावा.

त्याच्या मित्राने परगावाहून मॉनिटर मागवला. उघडला तर मधोमध एक पांढरा ठिपका, काळ्या पडद्यावर चांदणीसारखा लखलखीत. विक्रेत्याने कळवलं, एक-दोन ठिपके नियमात बसतात. कंपन्यांचे असे नियम असतात हे खरं, पण खरेदीआधी ते कोण सांगतं? दुकानात पडदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा करून पाहिला असता तर तो ठिपका तिथेच दिसला असता. दुसरं खोकं उघडायला लावता आलं असतं. वॉरंटीचंही आधीच विचारावं. बिघडला तर माणूस अकोल्यात घरी येणार, की आपण तो गुंडाळून नागपूरला न्यायचा? तीन वर्षांच्या वॉरंटीला या उत्तरावरच किंमत आहे.

माझ्या भावाचं, म्हणजे पोराच्या बापाचं, म्हणणं वेगळंच. "खेळाचंच आहे तं व्यायाम मंडळाच्या मैदानावर जा ना बाप्पा!" अमरावतीत या म्हणण्याला वजन आहे. १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आले. मैदान हवंच, मी भाच्याला तेही बजावते. पण काही घरांत पडद्यावरच्या खेळाला जुगाराच्या रांगेत बसवतात, ते मला मान्य नाही. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ई-स्पोर्ट्सला पदकं होती. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. कायद्याने फरक केला आहे, तो आई-बापांनीही करावा. आणि पोराबरोबर दुकानात जावं. वडील सोबत असले की दुकानदार खोकं उघडायला लवकर तयार होतो, हे मी पाहिलं आहे.

दुकानदारांची अडचण मला कळते. उघडलेला मॉनिटर नवा म्हणून विकता येत नाही, ऑनलाइनच्या भावाशी झुंजायचं असतं. पण भावात हरणाऱ्या दुकानाकडे दाखवणं हीच तर एक गोष्ट आहे, जी ऑनलाइनकडे नाही. अकोल्याचा टॉवर चौक असो की अमरावतीचा राजकमल चौक, एका टेबलावर ६० आणि १४४ हर्ट्झचे दोन पडदे शेजारी चालू ठेवा. पोरं गर्दी करतील, काही नुसतीच बघून जातील, जाऊ द्या. ज्याने फरक डोळ्यांनी पाहिला तो पुढे त्याच दुकानात येतो.

घरी आणल्यावर दोन गोष्टी तपासा. केबल मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा स्वतः बदला, नाहीतर १४४ चा पडदा ६० वरच चालत राहू शकतो. बिल आणि खोकं जपून ठेवा. तरीही फसवणूक झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.